मामांचा बरा गुडघा

झाशीत माझ्या मामांइतका रागीट माणूस दुसरा नसेल. जवळच्या बबीन्याहून पाहुणे उशिरा आले तर ते रागावतात, आणि वेळेवर आले तर "आज सूरज किधर से निकला?" म्हणून रागावतात. सगळ्यांत जुना राग मात्र स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर. जिना चढताना ते त्याला चक्क शिव्या देतात. त्या आपल्यालाच असं समजून मामी स्वयंपाकघरातून चोख उत्तर देतात.

आमच्या नात्यातल्या चार घरांत गणपतीची पूजा सांगणारे मामाच उरलेत. मुलांना मराठी कळतं, पण पोथी वाचता येत नाही. गुडघ्यामुळे मामांना मांडी घालता येईना, तेव्हा मी खुर्ची सुचवली. "देवासमोर खुर्ची? मी काय तहसीलदार आहे?" मामा गरजले. शेवटी मीच त्यांना ओढत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशनशिवायचे उपाय डॉक्टरांनी शांतपणे सांगितले: गुडघ्यात जेलचं इंजेक्शन, आपल्याच रक्तातून तयार केलेलं इंजेक्शन, नाहीतर दुखणं पोचवणारी नस सुईनं बधिर करणं. "मेरा ही खून मुझी को लगाएँगे?" मामा भडकले. जेल ठरलं, तर यांनी पुढे केला डावा, त्यातल्या त्यात बरा गुडघा.

"पहले इस पर करके दिखाइए. ठीक निकला तो असली वाला दूँगा."

"बाबूजी, ज़्यादा घिसा तो दाहिना है."

"इसीलिए!"

मला आजही संताप येतो, त्यांचा आणि तिथे गप्प बसलेल्या माझाही. डावा छान झाला. पण डॉक्टरांची परीक्षा घेण्यात मामांनी दोन वर्षं घालवली. मग उजवा दाखवला, तेव्हा हाड हाडाला टेकलं होतं. "अब इंजेक्शन से ज़्यादा उम्मीद मत रखिए," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनचं नाव काढताच मामा उठून चालते झाले, तेही डाव्या पायाच्या जोरावर!

यंदा गणपतीला मी पाट मांडला, तर मामांनी तो माझ्याकडे सरकवला आणि स्वतः खुर्ची ओढून घेतली. "बैस. मी सांगतो, तू कर." ते सांगत गेले, मी करत गेलो. आवाज अगदी साधा, कुठे ओरडणं नाही. मला ते सहन होईना. मी मुद्दाम डाव्या हातानं फूल वाहिलं. पूर्वी एवढ्यावरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

मामांनी ते पाहिलं. म्हणाले, "रहने दे. चलेगा."

हात पुसत मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि आज ओरडणं कसं नाही, ते बघत दारात उभ्या राहिल्या.