सत्काराच्या शाली

अन्याय झाला तो माझ्यावर. कधी, तेही सांगते: मागच्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, सकाळी, यवतमाळजवळच्या एका डोंगराच्या माथ्यावर. चढणीत मी पहिली आले होते.

नियम साधा होता. डोंगर चढायचा, वर थोडं थांबायचं, मग उतरायचं. दोन्हींची वेळ मिळून जी पुढे, ती विभागाच्या संघात. जागा एकच. माझी मैत्रीण आणि मी, दोघी दिग्रसच्या, पोलीस भरतीसाठी एकाच मैदानावर घाम गाळणाऱ्या. मैदानावर आम्ही सगळ्याजणी स्वेटर काढतो, दगडाखाली दाबतो आणि पळतो. फेरी मारून पुन्हा त्याच दगडापाशी येतो. त्या दिवशीही मी पायथ्याशी स्वेटर दगडाखाली ठेवलं आणि पळत सुटले. दगड काही माझ्यामागं वर येणार नव्हता, हे माथ्यावर कळलं.

वर वारा असा की घामानं भिजलेला टी-शर्ट ओल्या पोत्यासारखा अंगाला चिकटला. आणि 'थोडं थांबायचं' म्हणजे प्रमुख पाहुणे येईपर्यंत. पाहुण्यांची गाडी वाटेत होती. बराच वेळ ती वाटेतच होती.

मैत्रीण माझ्यामागून आली. तिचे बाबा मागच्या डांबरी रस्त्यानं मोटरसायकलवर आधीच वर येऊन बसलेले. पिशवीत कोरडे कपडे, स्वेटर, कानटोपी, थर्मासमध्ये गुळाचा चहा. स्वेटरचा हेवा वाटला, चहाचा वाटला, पण सगळ्यात जास्त वाटला तो लेकीचे कान झाकणाऱ्या त्या बापाचा. माझे बाबाही चांगले आहेत. पण शर्यत म्हटलं की त्यांचं 'जाऊन ये' एवढंच.

"घे न वं, अर्धा कप तरी घे," ती म्हणाली. "ओठ निळे पडून राह्यले तुहे."

"मले नाही लागत थंडी."

"मंग दात काय भजन करून राह्यले?"

तिचे बाबा हसले. मग तर चहाला हातच लावला नाही.

टेबलावर शालींची चळत होती. जाड, नव्याकोऱ्या. मी संयोजकांना म्हटलं, "काका, एक द्या न. उतरायच्या आधी परत देतो."

"पोरी, त्या पाहुण्यांच्या हायेत. घडी मोडली तं सत्कार कायचा करू?"

पाहुणे आले, लोकरी कोट घालून. कोटावर शाल चढली. तरुणांनी कणखर व्हावं, असं भाषण झालं. मग शिटी. पहिल्याच वळणावर माझी पोटरी आवळली, पाऊल टेकवेना. मैत्रीण टोपी सावरत पुढं निघून गेली.

आज संघात ती आहे. तिचा फोटो आला की मी आधी संघाचं जाकीट बघते, मग तिचं तोंड. जळते, अजून जळते.

स्वेटर खाली ठेवणं माझी चूक, मान्य. पण ऊब वर आलेलीच होती, घड्या घालून, टेबलावर.

तुमच्या गावात पोरी डोंगर चढणार असतील तर तुम्ही वर जा. पाहुण्यांसाठी थांबू नका. त्या शालींची घडी मोडा आणि जी पोरगी भिजून वर येईल तिच्या खांद्यावर टाका. तिचा बाप आला नसेल, असं धरूनच जा.