जाहिरातीत अप्पांचे हात

मला त्या जाहिरातीची किळस येते, आणि ती जाहिरात कितीतरी दिवस माझ्याच दुकानाच्या दारात उभी होती. माणसाच्या उंचीचा पुठ्ठा. त्यावर माझे वडील, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात ब्लेड आणि मांडीवर अर्धवट उसवलेलं ब्लाऊज. खाली कन्नडमध्ये ठळक अक्षरांत, ‘कच्चं काम वेळीच ओळखा.’ रोज सकाळी शटर वर करताना ते वाचावं लागायचं आणि दिवसाची सुरुवातच चिडचिडीने व्हायची.

म्हैसुरात आमची चौथी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण पेटलं की दोन्ही. धंदा पिढीजात शिलाईचा. मी त्यात गेले नाही, कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि एकाच कंपनीचे लॅपटॉप विकायला लागले. अप्पा मात्र अजून विठ्ठल मंदिरामागच्या आमच्या जुन्या दुकानात बसतात आणि जमेल तेवढी ब्लाऊजं शिवतात.

आमच्या लोकांत शिलाईचा एक नियम आहे. दुसऱ्याने शिवलेला कपडा दुरुस्तीला आला, तर तो गिऱ्हाईकासमोर उसवायचा नाही. दुकानाच्या मागच्या भागात पडदा असतो, त्याच्या आड जाऊन उसवायचा. कुणी शिवला, कसा बिघडवला, यावर चकार शब्द काढायचा नाही. लहानपणी मला हा पडदा म्हणजे उगाचची नाटकं वाटायची. एकदा विचारलं तर अप्पा म्हणाले, “त्याचं पोट त्या शिवणीवर आहे गं. चारचौघांत कशाला उसवायची? साकु, दुरुस्त करून द्यायचं.” साकु म्हणजे पुरे. अप्पांच्या तोंडी तो शब्द आला की विषय संपला.

या पडद्याचा सगळ्यांत मोठा उपयोग ज्यांच्यासाठी झाला, ते समोरच्या ओळीतले काका. अप्पा आणि ते एकाच उस्तादाकडे शिकले, एकाच गल्लीत दुकानं टाकली, आणि एकादशीच्या भजनाला शेजारी शेजारी बसून म्हातारे झाले. अलीकडे काकांची नजर अधू झाली. टाके वाकडे पडायला लागले, बाह्या लहानमोठ्या व्हायला लागल्या. त्यांच्या गिऱ्हाईक बायका ब्लाऊज घ्यायच्या, हसून ‘छान झालं’ म्हणायच्या आणि मागच्या बोळातून अप्पांकडे यायच्या. अप्पा पडद्याआड ते उसवून नीट करून द्यायचे आणि बजावायचे, “त्याला सांगू नका हं.” बायकाही सांगत नसत. आपली बोटं अजून पूर्वीसारखीच चालतात, या समजुतीवर काका रोज सकाळी दुकान उघडायचे. त्यांना घरी बसवायला मुलं टपलेलीच होती, पण गिऱ्हाईक येतंय म्हटल्यावर त्यांचं काही चालत नव्हतं.

अशात कंपनीचा जाहिरातीचा साहेब बंगळूरहून माझ्याकडे आला. भिंतीवरचा अप्पांचा फोटो त्याने पाहिला आणि डोळे मोठे केले. म्हणाला, “मॅडम, आम्हाला अस्सेच हात हवेत. कारागिरीवर फिल्म करतोय.” कारागिरी हा शब्द या लोकांच्या तोंडात फार गोड लागतो. अप्पांनाही गोड लागला. इस्त्रीचा शर्ट घालून ते कॅमेऱ्यासमोर बसले.

मी तिथेच उभी होते. साहेबाने पिशवीतून एक तयार ब्लाऊज काढलं आणि ते उसवून दाखवा म्हणाला. अप्पांनी हात मागे घेतला. “हे कुणी शिवलंय मला गोत्तिल्ला, ठाऊक नाही. त्याच्या माघारी त्याचं कसं उसवू? बिडु, राहू दे ते, माझंच उसवतो.” आणि त्यांनी माझ्यासाठी शिवलेलं नवंकोरं ब्लाऊज आणलं, धारवाडी खणाचं, आणि त्याची बाही ब्लेडने मोकळी केली. साहेब खूश. अप्पा कॅमेऱ्याकडे बघून लाजत हसले. एवढंच झालं.

जाहिरात फोनवर आली तेव्हा मी दुकानातच होते. अप्पा बाही उसवतात, आणि त्यांच्या हसऱ्या तोंडावर कुणा दुसऱ्याचाच घोगरा, नाटकी आवाज चढवलेला: “अय्यो! हे कुणी शिवलं? दोन दिवसांत फाटणार!” लगेच दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. एक आमचा, पळणारा. दुसरा हिरवा, अडकून बसलेला. नाव नाही, पण हिरवा रंग कुणाचा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शेवटी पुन्हा अप्पांचं हसू. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या टाक्याला नाव ठेवलं नाही, त्याच्या तोंडात हे शब्द कोंबले होते.

खोटं कशाला बोलू, विक्री वाढली. पहिले काही दिवस लोक हसत आले आणि लॅपटॉप घेऊन गेले. कंपनीची प्रतिमा उजळली की मळली, असं विचाराल तर साहेबाकडे त्याचा रंगीत आलेख आहे. माझ्याकडे आहे तो नंजनगूडहून आलेल्या एका बापलेकीचा प्रसंग. मुलगी नुकतीच कॉलेजला लागलेली, माऊस घ्यायला आली होती. तिने तो पुठ्ठा पाहिला आणि खांद्यावरची हिरव्या कंपनीची बॅग हळूच उलटी फिरवली, नाव आत जाईल अशी. बापाने ते पाहिलं. त्याने विचारलं, “त्यांचं अडकतं हे कळलं. तुमचं काय चांगलं आहे, ते कुठे लिहिलंय?” मी पुठ्ठा पुढून मागून पाहिला. कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, एवढीच काय ती अक्कल. आणि हसं कुणाचं झालं? हिरव्या कंपनीचं नाहीच. जिच्या बापाने पोटाला चिमटा काढून ते मशीन घेतलं, त्या पोरीचं.

पण खरी आग लागली ती आमच्या गल्लीत. काकांच्या दुकानात दोघी बायका बसल्या होत्या. एकीने फोनवर जाहिरात दाखवली आणि थट्टेत म्हणाली, “काका, हे तुमचंच ब्लाऊज नाही ना?” दुसरी खिदळत म्हणाली, “माझं तर नक्की नाही, माझं मागच्याच महिन्यात अप्पांकडे उसवून झालं.” बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. ही हकीकत तिनेच रडकुंडीला येऊन मला सांगितली. काकांनी हातातलं ब्लाऊज घडी घालून ठेवलं म्हणे.

त्या एकादशीला काका भजनाला आले नाहीत. पुढच्याही नाही. अप्पा शेजारची जागा धरून बसायचे आणि दारात कुणी आलं की वळून बघायचे.

मी साहेबाला फोन केला. जाहिरात काढा म्हटलं. तो मधाळ आवाजात म्हणाला, “मॅडम, नाव कुठे घेतलंय आम्ही? लोक बोलतायत, हेच तर हवं असतं. अंकल तर स्टार झालेत, त्यांचा दुसरा भाग करू या.” मी त्याला कन्नडमधली एक शिवी दिली, जी मी त्याआधी कधी उच्चारली नव्हती. पुठ्ठा आडवा पाडला, दुमडला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. त्यावर साहेबाचा काय निरोप यायचा तो आला. त्याचं मला काही वाटलं नाही. फोनमधली जाहिरात मात्र मला दुमडता येत नव्हती.

शेवटी अप्पा म्हणाले, “ते खणाचं ब्लाऊज घे. जाऊ या.” बाही त्यांनी पुन्हा जोडली होती. आम्ही गल्ली ओलांडली. काकांचं अर्धं दार बंद होतं आणि ते मशीनपाशी बसले होते. अप्पांनी ब्लाऊज त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“अरे, तिथे उसवलं ते हे. माझं. आणि ते बोलणारा मी नाही रे.”

काकांनी ब्लाऊज उलटं केलं. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने शिवण चाचपली. “तुझंच आहे. आवाज तुझा नाही, ते मला ऐकताक्षणीच कळलं. तुझा आवाज मला ओळखू येणार नाही होय?”

मला हायसं वाटलं. वाटलं, मिटलं. अप्पा स्टुलावर बसले. मी म्हटलं, “काका, येत्या एकादशीला या. अप्पा जागा धरून बसतात.”

काकांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. मशीनखालून त्यांनी एक ब्लाऊज काढलं, निळं, त्याच दिवशी शिवलेलं, आणि अप्पांच्या हातात दिलं. “हे बघ. इथेच बघ, माझ्यासमोर. कसं झालंय?”

एक खांदा उतरलेला होता. मला शिलाईतलं काही कळत नाही, तरी मला दिसत होता. अप्पांनी ते उजेडाकडे धरलं, बाहीवरून हात फिरवला, मांडीवर ठेवलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही आणि नाव ठेवायची तर नाहीच. ते गप्प राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्या साहेबाचा गळा धरावासा वाटत होता.

काकांनी ब्लाऊज परत घेतलं.

“पूर्वी तू असा गप्प बसलास,” ते म्हणाले, “की मला वाटायचं, छान झालंय.”