नव्या गाडीसमोर मिस्त्री

“उतरा, पावणं. गाडी काय म्हंत्या ते तुमीबी ऐका की.” उद्यमनगरातले आमचे मिस्त्री नव्या गिऱ्हाइकाला असं खाली उतरवायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ त्याच्या कानाला लावायचे. माझी जुनी गाडी त्यांनी अशीच ऐकून ऐकून सोळा वर्षं चालती ठेवली.

तिच्या तिप्पट किमतीची नवी घेतली, तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकनं झाकलेलं. मग पुढं बसून एसी कमी करायला टीव्हीएवढ्या पडद्यावर चार ठिकाणी बोट लावलं आणि तोंड कडू झाल्यासारखे बाहेर आले. पेढा मात्र खाल्ला.

मला त्यांचा राग आला. तो महिनाभरात उतरला. गंगावेशीत एका म्हशीनं गाडीला अंग घासलं आणि बंपरमधला सेन्सर गेला. शोरूमवाल्यांनी अख्खा बंपर बदलायला लावला. बिल पाहून शिसारी आली. मिस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “म्हशीला काय लागलं न्हाय न्हवं?”

त्याच वर्षी ऊसतोडीच्या हंगामात कागलजवळ उसाची ट्रॉली आमच्या गाडीवर कलंडली, नेमकी माझी मुलगी बसली होती त्या बाजूला. दारावरची एअरबॅग उघडली आणि मुलगी वाचली. हाताला खरचटलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्याबरोबर गाडी बघायला आले. मुलीच्या सीटवर लोंबणारी ती रिकामी पिशवी त्यांनी कितीतरी वेळ हातात धरली. जुन्या गाडीत ती नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. नव्यातही ती फक्त सगळ्यांत महाग मॉडेलात मिळते, असं मी सांगितलं.

“ह्याचं पैसं घ्यावं की, सर. मागतील तेवढं द्यावं,” ते म्हणाले. मग पडद्याकडं बघून बाजूला थुंकले. “पर पोरीचा जीव वाचवायचा तर ह्यो तमाशाबी घ्या म्हंत्यात. ही कसली रीत?”

गाडी भंगारात गेली. उन्हाळ्यात लहानशी घ्यावी म्हणून पुन्हा शोरूममध्ये गेलो. तिथल्या माणसानं आधी आतले रंग बदलणारे दिवे दाखवले. मी दारावरच्या एअरबॅगचं विचारलं. त्या वरच्या मॉडेलात मिळतील, तो हसून म्हणाला.

मी उठलो. हे सांगायला स्कूटर थेट उद्यमनगरात नेली. शटर बंद दिसल्यावर भानावर आलो. मिस्त्री जाऊन दोन महिने झाले होते.

शटरवर कुणीतरी नव्या गाड्यांच्या कर्जाची जाहिरात चिकटवली होती. मी ती नखानं खरवडत उभा राहिलो.