नामंजूर घरांतला चहा

वाघमारे साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोटार भरत होतो. पाटोद्याच्या बाजारात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, आणि तारेचे वेढे घालताना मी फोन उचलत नाही, कारण मोजणी चुकली की सगळी तार पुन्हा सोडावी लागते. पण नाव साहेबांचं दिसलं आणि आवाज वहिनींचा आला. "मुनीरभाऊ, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. बरं कशाला म्हणालो, अल्ला जाणे. फोन ठेवून पुन्हा वेढे घालायला लागलो आणि थोड्या वेळानं ध्यानात आलं, आपण मोजतच नाही आहोत... ती मोटार मी आठवड्यानं नव्यानं भरली. गिऱ्हाईक लई ओरडलं. ओरड म्हटलं.

त्याला आता दोन महिने होत आले. साहेब बँकेत फील्ड ऑफिसर होते. आष्टी, केज करत शेवटी पाटोद्याला आले आणि इथूनच रिटायर झाले. इथलेच एक डॉक्टर पुण्यात स्थायिक झालेत, ते आईच्या नावानं दरवर्षी काही रक्कम देत, तालुक्यातल्या छोट्या धंद्यांसाठी, परत न मागण्याच्या बोलीवर. ती कुणाला द्यायची हे ठरवायचं काम साहेबांकडं. लोक त्याला साहेबांचा फंडच म्हणत. निवड करायला आम्ही चौघं बसायचो. साहेब, हायस्कूलच्या देशमुख मॅडम, रिटायर ग्रामसेवक गर्जे आण्णा आणि मी. मला कावून घेतलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही तोंडावर बोलता. मागून बोलणारे मला पुष्कळ मिळाले."

पद्धत त्यांचीच. प्रत्येक प्रस्तावाला पाच रकाने. माल जवळ मिळतो का, गिऱ्हाईक कोण, हाताला काम येतं का, हिशेब ठेवता येतो का आणि शेवटचा, नंतर कोण? म्हणजे धंदा करणारा माणूस उद्या आजारी पडला, मेला, तर दुसऱ्या दिवशी शटर कोण उघडणार. या शेवटच्या रकान्याला बाकीच्यांच्या दुप्पट मार्क. आम्ही आपापले आकडे लिहून कागद पालथे घालायचे, तोवर कुणी ब्र काढायचा नाही. "आधी आकडा, मग तोंड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्यांच्या आकड्यांत फार अंतर पडेल त्यांनी कारण सांगायचं, वाटलं तर एकदा बदलायचं. मग बेरीज, बेरजेवरून नंबर, आणि पैसे पुरतील तिथं साहेब लाकडी पट्टी ठेवून रेघ मारायचे. रेघेच्या वर मंजूर, खाली नामंजूर.

पहिल्याच वर्षी मी भांडलो. म्हटलं, साहेब, माणूस काय शाळेचा पेपर हाय का? मी नुसता बघून सांगतो कुणाचा धंदा चालंल आन कुणाचा न्हाई. साहेबांनी चष्मा काढला. "मुनीरभाई, डोळ्याला आधी आडनाव दिसतं. मग गल्ली दिसते. माझे वडील कर्जासाठी बँकेत गेले होते, चपलांच्या दुकानासाठी. त्यांना नुसतं बघूनच नाही म्हणाले. कारण कुणी सांगितलं नाही. म्हातारा मरेपर्यंत विचार करत होता, आपलं नेमकं काय चुकलं..." मी पेन उचललं आणि आकडे लिहायला लागलो. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, बाजारात विचारा कुणालाही.

धंदे बघायला ते स्कूटरवर गावोगाव हिंडायचे, कधी मी मागं बसायचो. निकाल लागेपर्यंत कुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही, हा नियम. आपल्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण विकत घेणं, माणसं तोंड पाडून बसायची. साहेब म्हणायचे, ज्याचा चहा पिलो त्याची फाईल वर येते, आपण आणत नाही, ती आपली आपण येते. आणि निकाल लागला की उलटं. मंजूर झालेल्यांना फोनवर सांगायचे. नामंजूर झालेल्यांच्या घरी मात्र स्वतः जायचे, ओसरीवर बसायचे आणि म्हणायचे, "चहा टाका." चहा पिऊन झाला की त्याचे मार्क त्याला वाचून दाखवायचे, रकान्यागणिक, कारणासकट. लोक शिव्या द्यायचे, एकानं तर कपबशी अंगणात फेकली होती. मी म्हणायचो, कावून जाता मरायला? तर म्हणायचे, ज्याला नाही म्हटलं त्याला तोंड दाखवायचं. पुढंपुढं तालुक्यात हे सगळ्यांना माहीत झालं. साहेबांनी चहा मागितला की समजायचं, आपण रेघेच्या खाली.

शेवटच्या रकान्यापायी माझं त्यांच्याशी फार वाजलं. तो कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं. आष्टीला असताना त्यांनी एका वेल्डरला कर्ज दिलं होतं, हुशार माणूस, दुकान जोरात. तो रस्त्यावर अपघातात गेला. बायकोला त्यातलं काही येत नव्हतं, भाऊ फिरकला नाही, हप्ते थकले आणि मशीन उचलून आणायची पाळी साहेबांवरच आली. टेम्पोत मशीन चढवताना ती बाई दोरी धरायला मदत करत होती, म्हणाले. रडली नाही, भांडली नाही, दोरी धरून उभी राहिली. "तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो," साहेब म्हणाले. पण त्या रकान्यानं चांगली चांगली माणसं रेघेच्या खाली गेली, हे मी आजही म्हणतो.

मंगल त्यातली एक. पाटोद्याच्या वरच्या डोंगरपट्ट्यातली, नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही. डोंगरात सीताफळं मायंदाळ. बी न फोडता गर काढायचा, काळा पडायच्या आत गोठवायचा आणि नगरच्या आइस्क्रीमवाल्यांना घालायचा, असा तिचा प्रस्ताव होता. तिला मोठा फ्रीझर पाहिजे होता, बाकी सगळं तिच्याजवळ होतं. गिऱ्हाईक बांधून आलेली, हात असा की तिनं काढलेल्या गरात बियांची कच सापडायची नाही. पहिल्या चार रकान्यांत तिच्या जवळपास कुणी नव्हतं. शेवटच्यात शून्य. रेघेच्या लगेच खाली आली. आम्ही गेलो, चहा पिलो, साहेबांनी मार्क वाचले. तिनं विचारलं, "शून्य कावून?" साहेब म्हणाले, "तुझ्या नंतर कुणी नाही म्हणून." तिनं कप खाली ठेवला. "म्हंजी नवरा मेला त्याचे मार्क कापले म्हना की."

साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आम्ही निघालो. घाट उतरल्यावर मी म्हटलं, आता तरी तो रकाना काढा. "रकाना राहणार," म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात एकटे तिच्याकडं परत गेले. कुणाला तरी शिकव, तयार कर आणि मग ये, असं सांगून आले. बाई जिद्दीची. तिनं जावेला शिकवायला घेतलं, सुनीताला. सुनीता दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. सीताफळाचा हंगाम संपतो न संपतो तोच कारखान्याचा ट्रक दारात, असं तिचं वर्ष. तरी तीन हंगाम तिनं मंगलकडून गर काढणं, भरणं, गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं शिकून घेतलं. आणि या उन्हाळ्यात मुकादम आगाऊ उचल द्यायला आला तेव्हा तिनं सांगितलं, यंदा मी येणार न्हाई, आमचा फ्रीझर येणार हाय. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकट्याला मुकादम अर्धा कोयता धरतो. नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं, ती हलली नाही.

इकडं गेल्या दिवाळीत साहेबांच्या किडन्या गेल्याचं कळलं. बीडला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्याही हालात माणूस धंदे बघत हिंडत होता, हातावर सुईची पट्टी तशीच. आम्हाला मात्र कशाला हात लावू देत नव्हता. मॅडमनी कॉम्प्युटरवर मार्कांची शीट करून आणली तर साहेबांनी सगळी बेरीज पुन्हा हातानं केली. मी म्हटलं, मला शिकवा, गावं वाटून घेऊ. "करू की," म्हणाले, "पावसाळा होऊ द्या." एकदा बीडहून परत येताना, जीपमध्ये, मी स्पष्टच विचारलं. "साहेब, तुमच्या नंतर कोण?" ते बाहेर बघत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "माझा प्रस्ताव आलाय का तुमच्याकडं, मुनीरभाई?" आणि हसले. मीही हसलो...

जूनमध्ये यंदाचे मार्क झाले. मंगल पहिली. शेवटच्या रकान्यात तिला चौघांनीही भरभरून दिले होते. साहेबांनी रेघ स्वतःच मारली, पट्टी दुसऱ्याला धरू दिली नाही. डॉक्टरांचे पैसे आले की मंजूर मंडळींना फोन करतो म्हणाले. त्याआधीच गेले.

श्रावणात डॉक्टरांचा फोन आला. चालवणारा माणूस सांगा, पैसे आज पाठवतो, म्हणाले. मी म्हटलं, निदान यंदाचे तरी द्या, रेघ साहेबांनीच मारलीय. डॉक्टर म्हणाले, दिलेल्या पैशामागं वर्षभर फिरणारा माणूस नसेल तर एक रुपया देऊ नका, हे मला वाघमाऱ्यांनीच बजावलं होतं. खरं होतं ते, मीच कितीदा ऐकलेलं. आम्ही तिघं माझ्या दुकानात बसलो. मॅडमची बदली परळीला झालेली, आण्णांना जिना चढवत नाही. राहिलो मी. माझे डोळे शुगरनं गेलेत, दिवस कलला की समोरची गाडी दिसत नाही. ही शुगर मी घरीसुद्धा सांगितलेली नव्हती, फक्त साहेबांना माहीत होती. डोंगरातल्या वाड्या-वस्त्या मी कशावर पालथ्या घालू? कुणाला विचारायचं म्हटलं तर काय सांगायचं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. कोणतं गाव कधी बघायचं, काय विचारायचं, कुठं थापा मारतात, सगळं त्या एका डोक्यात.

मग मॅडम म्हणाल्या, आपण फंडालाच मार्क देऊ. त्यांच्याच पद्धतीनं. आम्ही लिहिलं, कागद पालथे घातले, उलटले. पहिल्या चारांत भरघोस. शेवटच्यात तिघांचंही शून्य. आकड्यांत अंतरच नव्हतं, तेव्हा कारण कुणी सांगायचं नव्हतं. मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या.

मला साहेबांचा राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, मी लिहितो. गावोगाव फिरून ज्यानं शंभर जणांना विचारलं, नंतर कोण, त्याला स्वतःला हे विचारायला सवड झाली नाही? पुष्कळ विचार केल्यावर मला एवढंच वाटतं, ज्याच्या बापाला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं त्याच्या हातात रेघ मारायची पट्टी आली होती. ती दुसऱ्याच्या हातात गेली की पुन्हा चहा पिऊन फायली वर येतील, ही भीती असेल. असेल भीती. पण तिची किंमत त्यांनी मोजली नाही, दुसऱ्यांनी मोजली.

आता यंदाचे सगळेच नामंजूर होते आणि साहेबांच्या नियमानं सगळ्यांच्या घरी जाणं आलं. मॅडम आणि आण्णांनी हात जोडले. मी शेअर जीपनं हिंडलो, दिवसाउजेडी. मंगलकडं मुद्दाम शेवटी गेलो. झाडावरच्या सीताफळांचे डोळे उघडायला लागले होते. ती आणि सुनीता अंगणात टोपल्या धूत होत्या. "या चाचा, बसा," म्हणाली, चेहरा फुललेला. मी बसलो आणि म्हणालो, "चहा टाक, मंगल."

तिचा हात टोपलीतच थांबला. "चहा मागितला तुमी," ती म्हणाली. "किती कमी पडले?"

"कमी न्हाई पडले. पहिली आलीस."

मग सगळं सांगितलं. ती ऐकत होती. "मला तीन वरीस शिकवायला लावलं," ती म्हणाली, "आन सोता कुनालाच शिकवलं न्हाई?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला मी उत्तर देऊ शकतो. सुनीतानं हात लुगड्याला पुसले आणि जावेला विचारलं, "मुकादम अजून घील का गं मला?" मंगल चुलीकडं गेली. चहा आला तो मी पिलो, मार्क वाचून दाखवले, कारणासकट, आणि निघालो.

एक घर राहिलं होतं. साहेबांच्या बैठकीत सगळं तसंच आहे. खुर्ची, टेबल, टेबलावर ती लाकडी पट्टी. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी आता साहेबांचा फोटो. वहिनी समोर आल्या तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, चहा टाका."

त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या, साहेबांच्या खुर्चीच्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा." मी फंडाचे मार्क वाचले. शेवटच्या रकान्याशी आलो आणि थांबलो तर त्याच म्हणाल्या, "शून्य ना?" मी मान हलवली. "जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, मुनीरभाई एक दिवस येतील आणि चहा मागतील. आले की दे."

मी कप तोंडाला लावला. आधीच्या सगळ्या घरांत गोड चहा मुकाट पिऊन आलो होतो, कुणाला काही बोललो नव्हतो. या चहात साखर नव्हती.