तिसरी घंटा झाल्यावर

हे गेल्यानंतर काल प्रथमच त्यांचं कपाट उघडलं. शालींमधून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. नाट्यगृहातल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेरही हाच वास असायचा.

प्रोस्टेट वाढल्यापासून हे नाटकाला रांगेतली कडेची खुर्ची घेत. एका संध्याकाळी मध्यंतरात आत गेले, ते तिसरी घंटा झाली तरी बाहेर येईनात. मी त्यांची शाल घेऊन दाराशी उभी होते. आतून कुणीतरी म्हणालं, "काका, इथे वेगळा प्रयोग लागलाय का?"

"लागलाय," ह्यांचा आवाज आला, "पण रंगत नाहीये."

बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "तू आत जायचंस की."

"अहो, असू दे. हे नाटक आपलं पाहिलेलं आहे."

"चल, घरी जाऊ."

रिक्षाने शनिवार पेठेतल्या घरी आलो. पुन्हा कधी त्यांनी नाटकाची तिकिटं काढली नाहीत.

तेव्हा वाटलं होतं, संध्याकाळ फुकट गेली. आता नाटकातलं काही आठवत नाही. दाराबाहेर थांबलेली मी तेवढी आठवते. हे आत आहेत आणि थोड्या वेळाने बाहेर येतील, याची तेव्हा मला खात्री होती.