मेंढ्या न मोजणारे बाबा

मेंढीवाल्या बाबांना स्वतःच्या मेंढ्या किती, हे ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. सेलूच्या बाजाराला निघालेल्या कुणी वाटेत "बाबा, कित्ती हायेत?" असं विचारलंच, तर "हायेत पोटापुरत्या," म्हणून ते पुढे चालू लागत. मोजलं की कळपाला नजर लागते, असं त्यांचं ठाम मत. पण एखादी झुडपामागे राहिली, तर वीस पावलांत त्यांना कळे. "मेंढी मोजाची नसते डाक्तर, ओयखाची असते," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं.

मी डॉक्टर नव्हे. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. पण हातात सुई दिसली की बाबांच्या लेखी तो डॉक्टरच. लस टोचायला गेलो की ते एकेकीची ओळख करून देत. "हे काबरी. हे तिची थोरली. हे बांडी, इच्यापासून जपून राहा, ढुशी देते." तोवर मी सुई वर धरून उभा. घाई केली की रागवत.

पेरण्या झाल्या की शिवारं चराईला बंद होतात. मग बाबा चार महिने कळप घेऊन जंगलाच्या कडेला, ताडपत्रीखाली. लेकी सासरी गेलेल्या, घरी माय, म्हणजे बाबांची बायको, एकटी. तिचे गुडघे गेले तेव्हा तिने मलाच गाठलं. "एक पावसाया तरी यायले घरी ठेवा भाऊ. चार महिने भिंतीसंगं बोलतो मी."

मेंढपाळांना पावसाळ्यात चराईसाठी सरकारी अनुदान मिळतं. त्यातून तुरीचं, हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा घेतला, तर कळप गावातच निभला असता. मी बाबांचा अर्ज भरून टाकला.

अडलं ते संख्येच्या रकान्यापाशी. कळपात किमान किती मेंढ्या हव्यात, हे नियमात ठरलेलं. तपासणीला आलेले नवे साहेब बोट नाचवत मोजू लागले. बाबांनी ते बोटच मुठीत धरलं. "बोट काऊन दाखवून राह्यले, साहेब? नाई पायजे मले तुमचं अनुदान!"

मोजणी नाही तर सही नाही, म्हणत साहेब तणतणत गाडीकडे निघाले. माय ओट्यावरून बघत होती. ती नुसती गुडघे चोळत राहिली. मला बाबांचा असा राग आला!

मग सुचलं. साहेबांना गाडीपाशीच थांबवलं आणि बाबांकडे वळलो. "बाबा, मोजत नाही. कुंपणातून एकेक सोडा आणि साहेबांशी फक्त ओळख करून द्या."

बाबा खुलले. ते एकेक नाव घेत गेले आणि मी प्रत्येक नावाला कागदावर एक रेघ ओढत गेलो. साहेब आधी घड्याळ बघत होते. मुंडी नावाच्या मेंढीचं अडलेलं बाळंतपण ऐकता ऐकता मात्र ओट्यावर टेकले आणि शेवटी सही करून गेले. "तो कागद मले दाखवू नका," एवढंच बाबांनी बजावलं.

अनुदान मंजूर झालं. माझी बदली झाली म्हणून पोळ्याच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तर बाहेर पाऊस, आवारातल्या छपराखाली मेंढ्या कुटार खातायत आणि बाबा घरात. "बसून बसून पाय आखडले," ही तक्रार होतीच. मायने आम्हा दोघांना पुरणपोळी वाढली.

पहिला घास घेऊन बाबा थबकले. "बेस झाली वं. पोयाले दरसाल करते काय तू?"

"करत होती," माय म्हणाली. "मंग बंद केली. खाले कोनी नोतं."

बाबांनी ताट तिच्यापुढे सरकवलं आणि ते म्हणाले, "तू बी बस. इथंच, संगं."