बारदान्यामागची नक्कल

मी उत्तम नक्कल करतो, हे आधीच सांगून टाकतो. नम्रपणा मला कधी शोभला नाही. पवनीच्या वाटेवरच्या राईस मिलमध्ये मी धान मोजून घ्यायला लागलो, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर माझा खेळ ठरलेला. बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, थप्पीमागे सावलीत आम्ही आठ-दहा जण गोल बसायचो. पहिला घास आपल्या डब्यातला घ्यायचा नाही, शेजाऱ्याच्या डब्यातला उचलायचा, असा तिथला रिवाज. डबे रिकामे झाले की कोणीतरी म्हणायचं, "हं, आता येऊ दे शेठजीले!"

मग मी आमच्या मिलचे मालक, शेठजी व्हायचो. मूठभर तांदूळ तळहातावर चोळायचा, फुंकर घालायची, एक दाणा दाढेखाली धरून डोळे मिटायचे, जणू आतून देवाचा कौल येणार आहे. रागावण्याआधी शेठजी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत, कुस्तीला उतरल्यासारखे. मी सुतळीचं घड्याळ बांधायचो. ते सोडायला हात घातला की हमाल आडवे पडायचे. पोती शिवणारी एक बाई तर हसता हसता सुई टोचून घ्यायची आणि वर मलाच शिव्या द्यायची, "मेल्या, तुयापायी बोट फुटलं माया!"

याहून मोठं बक्षीस मला आयुष्यात मिळालेलं नाही.

पुढे मिलची कंपनी झाली. एकीच्या तीन मिली झाल्या, पिशवीवर मोराचं चित्र आलं, गेटवर अंगठ्याचं मशीन बसलं. शेठजी आजारपणामुळे घरी बसले आणि त्यांचा शिकून आलेला मुलगा कारभार पाहू लागला. त्याने आम्हाला नागपूरच्या एका हॉटेलात नेतृत्व शिकायला नेलं. तिथल्या टायवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून मागे पडायला सांगितलं. मागचा सहकारी झेलतो, त्याला म्हणे विश्वास म्हणतात. माझ्या मागे माझा जुना दोस्त होता, बॉयलर सांभाळणारा. दोघंही गालिच्यावर आडवे झालो.

"विश्वास हाये गा," तो खालून म्हणाला, "पण तुयं वजन पाह्य ना!"

तिथून परतलो आणि छोट्या शेठजींनी मला मॅनेजर केलं. काचेची केबिन, एसी, फिरती खुर्ची. पहिल्याच दिवशी मी खुर्चीत तीन गिरक्या घेतल्या. काचेपलीकडे सगळे उभे होते. एकही हसला नाही.

"काका, आता तिकडे जेवायला बसू नका," छोटे शेठजी म्हणाले. "मॅनेजरने थोडं अंतर ठेवावं."

मी अर्थातच दुसऱ्या दिवशी डबा घेऊन थप्पीमागे हजर! तर तिथल्या मंडळींनी माझ्यासाठी खुर्ची आणली. सगळे जमिनीवर आणि मी खुर्चीवर, दंडारीच्या नाटकातल्या राजासारखा. माझ्या डब्याला कोणी हात लावला नाही. मी म्हटलं, थांबा लेको, आत्ता पाडतो आडवे. मनगटावर सुतळी बांधली आणि शेठजी झालो. सगळे हसले. पण सुतळीला मी हात घालायच्या आधीच हसले.

लोकांना हसवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला खरा हशा आणि पगारी हशा यांतला फरक कळतो. मी केबिनमध्ये जेवू लागलो. बायको सवयीने शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरती भाजी भरून द्यायची. रोज उरायची. तिने एकदा विचारलं, "भाजी काहून उरते जी? बिघडली का?" मी म्हटलं, काम फार असतं.

एके दुपारी थप्पीमागून हशा आला. खरा. कोणालातरी ठसका लागलेला. मी चपला हातात घेऊन, पोत्यांच्या आडून डोकावलो. पोती शिवणारी बाई उभी होती. गळ्यात सुतळीला बांधलेलं डब्याचं झाकण, म्हणजे माझं ओळखपत्र. ते उचलून त्यातला फोटो आपलाच आहे ना, याची ती खात्री करत होती. मी तसं करतो? करतो! मग तिने घसा खाकरून माझं ते नागपुरी हॉटेलातून आणलेलं वाक्य फेकलं, "मंडळी, आपण एक कुटुंब आहोत," आणि अदृश्य खुर्चीत गिरकी घेतली.

काय नक्कल केली होती तिने! मी तोंडात रुमाल कोंबला. आनंद आवरेना, तसा टाळ्या वाजवत पुढे झालो, "वा वा! परत कर, परत कर!"

सगळे उठून उभे राहिले. तिने झाकण पदराखाली लपवलं.

"चुकलं साहेब," ती म्हणाली.

चार दिवसांनी मी बॉयलरपाशी जाऊन दोस्ताला म्हटलं, "मले परत बसू द्या ना गा तुमच्यात."

"ये ना. कोन नाही म्हनते? पण मंग आमी हासावं कोनावर?"

"शेठजीवर."

"बिमार मानसावर?" तो भट्टीत कोंडा लोटत राहिला. "तसंबी आता कोनी हासत नाही. तू आला त्या दिवसापासून ते बाई उभीच नाही राहिली. सारे मोबाइल पाहत जेवून राहिले."

त्याचं उत्तर मी चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, त्यात मला बसायला जागा सापडली नाही. पण माझ्यामुळे ती दुपार मुकी व्हावी, हे मला झेपेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारातल्या सभेत मी मुद्दाम एक नवी लकब काढली. दर वाक्याला चष्मा काढायचा, सदऱ्याला पुसायचा आणि तो न लावताच समोरच्याला ओळखायला जायचं. हमालाला ड्रायव्हर म्हटलं. छोट्या शेठजींच्या मोटारीला नमस्कार केला. सगळे गंभीर. फक्त तिची सुई पोत्यात अर्धीच थांबली होती आणि ती माझ्याकडे, शेठजी धानाच्या ढिगाकडे बघायचे तशी बघत होती.

दुपारी मी एसी बंद केला. डबा न उघडता कान थप्पीकडे लावून बसलो. मग थप्पीमागून एक हुंदका आल्यासारखं झालं, आणि त्यापाठोपाठ दहा जणांचा हशा. मी उकाड्यात बसून सगळा ऐकला.

आता महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांना एखादी लकब पुरवतो. माझी नक्कल करताना ती लावत असेल तो चष्मा कशाचा केलेला आहे, तारेचा की बांगड्यांचा, एवढं पाहायची मात्र फार इच्छा आहे. बॉयलरवाल्याला विचारलं.

"कोनता चष्मा, साहेब?" तो हसू दाबत म्हणाला.